मिठागरावरचा फोटो

नव्या मॉनिटरच्या खोक्यातल्या थर्माकोलचा वास आला की विचुंबे गावातल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. मिठागरावरच्या मजुरांचा जुना फोटो स्कॅन करून मी फोर-के मॉनिटरवर लावला होता, पण चेहरे धूसरच दिसत होते. मग लक्षात आलं, केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडली होती. ती बदलून रिझोल्युशन वाढवलं, तसा मिठाचा कण न् कण उजळला. बाबा उठून पडद्याजवळ आले. "टोपलीवाली माजी आय, येवढंच मला लोकांनी सांगितलेलं. मी दोन वर्सांचा असताना ती गेली. फोटोत तिचं तोंड कदी नीट दिसलंच नाय." त्यांचं बोट त्या बाईच्या गालापाशी थांबलं. ते हळूच म्हणाले, "हासते हाय रं ती!" सत्तरीचा माणूस आपल्या आईला पहिल्यांदा बघत होता.