खंडेनवमीचं पिस्तूल

विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं त्या हिवाळ्यात, एका रविवारी दुपारी, मुकुंदवाडीतल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात वडिलांचं सहाबारी पिस्तूल उघडण्यात आलं. ते अडकलेलं होतं. भरलेलं आहे की रिकामं, हे फक्त वडिलांना माहीत होतं आणि पक्षाघातानंतर त्यांना बोलता येत नव्हतं.

पिस्तूल इंग्रजी लष्करी बनावटीचं, वडिलांहून जुनं. वडील फौजेतून निवृत्त होताना ते त्यांच्या साहेबांनी दिलं होतं. वडिलांनी ते परवान्यावर चढवून घेतलं. अजिंठ्याकडं मेंढरं राखणाऱ्या घरातला हा माणूस फौजेनंतर चिकलठाण्याच्या एका कारखान्यात रखवालदार झाला. पिस्तूल त्यांनी कामावर कधी नेलं नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ते चामडी खोळीतून पाटावर यायचं.

त्या दिवसांत शहरात तणाव होता. पोलीस ठाण्यातून निरोप आला : परवान्याची हत्यारं जमा करा, वातावरण निवळलं की परत मिळतील. मी तेव्हा एका वर्तमानपत्रात कामाला होतो. ठाण्यात जाऊन अडचण सांगितली. जमादारांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. बंद पिस्तूल जमा करून घेता येत नाही, उघडलं नाही तर ते निकामी करायला पाठवावं लागेल. आणि भरलेलं असण्याची शक्यता आहे तोवर ते घरातून हलवायचं नाही, कारागीर घरी न्यायचा.

घरी हे सांगितलं तेव्हा वडिलांनी चालत्या हातानं खाटेची कड घट्ट धरली.

"निकामी नाय करू द्यायचं," आई म्हणाली. "त्यांच्या डोळ्यांदेखत तर नायच."

गुलमंडीच्या मागच्या गल्लीतले बंदूक दुरुस्तीचे परवानाधारक कारागीर आले. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी आधी अंगणातून माणसं हटवली. भिंतीला वाळूची पोती लावून घेतली, पिस्तूल लाकडी पकडीत धरलं आणि नळीचं तोंड पोत्यांकडं केलं. वडिलांची खाट दाराच्या आत, भिंतीआड सरकवली. आई त्यांच्याजवळ बसली. मला चाचांनी स्वतःच्या मागं उभं केलं.

"मियाँ, भरेली है क्या?" त्यांनी दाराकडं वळून विचारलं.

वडिलांनी एक बोट वर केलं.

"एक है समझो. खाली निकली तो अच्छाच है."

घोड्याला त्यांनी हात लावला नाही. विजेरीच्या उजेडात बाजूनं फटीत पाहिलं, बांबूच्या काडीनं लालसर तपकिरी गोळा खरवडून काढला आणि हुंगला.

"अम्मा, इसकू हलवा कायकू खिलाए?"

"हलवा कशाचा? हळदकुंकू हाय ते, आन् खोबरेल," आई आतून म्हणाली. "ह्यांना झटका आल्यापासनं पूजा मीच करते. तेल तर लई घातलं. गंजू नये म्हणून."

"पूजा के बाद साफ कौन करते थे?"

पूजा झाली की वडील पिस्तूल घेऊन मागच्या अंगणात बसायचे. तिथं ते काय करतात, हे घरात कुणी विचारलं नव्हतं.

"थोडं गरम केलं तर सुटेल ना?" मी म्हणालो.

"अंदर गोली है, बाबू. तुम अखबार में छापते, मैं दवाखाने में पढ़तूँ. गरम बी नक्को, हतौडी बी नक्को."

त्यांनी रॉकेल मिसळलेलं पातळ तेल सांध्यात थेंबाथेंबानं सोडलं आणि चहा मागितला. मग काडीनं खरवडणं, पुसणं, पुन्हा तेल. प्रत्येक वेळी नळी मोकळी करणारा खटका अंगठ्यानं दाबून पाहायचे. जोर लावला नाही. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा खटका सरकला आणि नळी हळूहळू खाली वाकली. चक्रातली काडतुसांची पाच घरं रिकामी होती. सहाव्यात काडतूस होतं. ते चाचांनी बोटांनी उचलून वाळूच्या घमेल्यात ठेवलं.

"नामांतराच्या पहिल्या दंगलीत शेजारच्या वस्तीतली बाया-पोरं आपल्या घरात लपली होती," आई म्हणाली. "तवापासनं भरून ठिवत आसतील."

मी वडिलांना विचारलं. त्यांनी बोट वर केलं नाही, मानही हलवली नाही. आईच्या म्हणण्याला दुसरीकडून दुजोरा मिळाला नाही.

चाचांनी पुसलेलं, उघडं पिस्तूल वडिलांच्या तळहातावर ठेवलं. त्यांचा अंगठा खटक्यावर फिरत राहिला.

"अवो, माझ्याच हातानं अडकलं ते," आई म्हणाली.

वडिलांनी तिच्याकडं पाहिलं नाही. ते पिस्तूल पाहत होते.

दुसऱ्या दिवशी पिस्तूल आणि काडतूस ठाण्यात जमा झालं. उन्हाळ्यात वडील गेले, तेव्हा ते अजून ठाण्यातच होतं. परवाना त्यांच्या नावाचा होता. माझ्या नावावर करण्याचा अर्ज नामंजूर झाला.

त्या वर्षी खंडेनवमीला आईनं पाटावर रिकामी चामडी खोळ ठेवली. हळदकुंकू वाहिलं. तेल घातलं नाही.