खालच्या प्लॉटची द्राक्षं

बायकोलाही हे माहीत नाही. तिला माझं बाकी सगळं माहीत असतं — डॉक्टरांनी बंद केलेली भजी मी कुठल्या गाडीवर खातो, ते सुद्धा — पण हे नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे जीभ रेटत नाही.

मी द्राक्षबागांचा सल्लागार आहे. राहायला नाशिकमध्ये, इंदिरानगरला. हिंडायला दिंडोरी-निफाडकडच्या बागा. छाटणी कधी करायची, घडाला कुठलं औषध किती द्यायचं, हे सांगायचं आणि त्याची फी घ्यायची. आधी मी एका औषध कंपनीत नोकरीला होतो. काम साधारण हेच, फक्त सल्ल्याच्या शेवटी कंपनीचीच बाटली यायची. आणि दर महिन्याला टार्गेट. माझ्यापेक्षा कमी जाणणारे लोक स्वतंत्र सल्ला देऊन माझ्या दुप्पट कमवत होते, दुपारी घरी जेवायला जात होते. मी मात्र लेकीच्या शाळेतल्या एकाही कार्यक्रमाला वेळेवर पोचलो नव्हतो. शेवटी राजीनामा दिला. त्याचा पश्चात्ताप नाही — ही कबुली त्याची नाहीच.

नोकरीत असताना माझं एक पेटंट वाक्य होतं: 'विचारून सांगतो.' शेतकऱ्याने काही अडचणीचं विचारलं की मी ऑफिसातल्या साहेबांचं नाव पुढे करायचो, रात्री पुस्तकं चाळायचो, सकाळी उत्तर द्यायचो. बागायतदार चेष्टा करायचे. 'आले बघा विचारून सांगतो साहेब.' मी पण हसायचो. पण मनाला लागायचं. नोकरी सोडली त्या दिवशी ठरवलं, हे वाक्य बंद. आता विचारायचं तरी कोणाला? वरती कोणी नाही, आणि ज्याला स्वतःलाच विचारावं लागतं त्याला फी कोण देणार? असं मला वाटायचं. स्वतंत्र माणसाने तडकाफडकी बोलावं, ठाम बोलावं — कोणी शिकवलं होतं मला हे? कोणीच नाही. माझा मीच शहाणा.

पहिल्याच हंगामात मला नानांची बाग मिळाली. नाना म्हणजे दिंडोरीच्या अलीकडचे जुने बागायतदार, शब्दाला वजन असलेला माणूस. पण मला आणलं त्यांच्या सुनेने, वैशालीने. ती शेतकी पदवीधर. लग्न होऊन आल्यावर दोन वर्षं सासऱ्यांच्या मागे लागून तिने खालचा प्लॉट स्वतःकडे घेतला होता. वरच्या प्लॉटमध्ये पांढरी द्राक्षं, ती नाना बघायचे. खालच्यात काळी, ती वैशालीची. औषधांच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला असायची. तिच्या चालण्यात त्या किल्लीचा एक वेगळाच तोरा होता, आणि मला ते बघून बरं वाटायचं. हे खरंच सांगतोय. मला ती आवडायची, माझ्या धाकट्या बहिणीसारखी.

घडातले मणी फुगावेत म्हणून आम्ही घड एका औषधाच्या पाण्यात बुडवून काढतो. डिपिंग म्हणतात त्याला. पांढऱ्या वाणाला जे प्रमाण चालतं ते काळ्याला झेपत नाही — मणी फुगतात, पण रंग धरत नाहीत. काळी द्राक्षं काळीच होत नाहीत. हे काही गुपित नाही. माझ्या धंद्यातलं हे पहिलीच्या पुस्तकातलं आहे.

डिसेंबरात लेकीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मी वेळेवर पोचलो होतो — पुढच्या रांगेत, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. याचसाठी तर नोकरी सोडली होती ना? तेवढ्यात फोन थरथरला. वैशाली.

"सर, उद्या सकाळी डिपिंगला बायका सांगितल्यात. खालच्या प्लॉटला पण वरच्याएवढंच प्रमाण ना?"

"हो हो, तेवढंच. बिनधास्त," मी म्हटलं आणि फोन ठेवला. पडदा उघडत होता.

मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो की स्पीकर मोठ्याने वाजत होते, नीट ऐकू आलं नाही. तुम्हालाही तेच सांगून मोकळा होणार होतो. पण नाही. मला ऐकू आलं होतं. 'खालच्या प्लॉटला' हे शब्द मला स्वच्छ ऐकू आले होते. फक्त त्यांच्यावर विचार करायला मी थांबलो नाही.

आणि एवढंच असतं तर त्याला चूक म्हटलं असतं. चूक कोणाच्याही हातून होते. पण परत येताना, गाडी चालवताना, सिग्नलला मला लख्ख आठवलं — खालचा प्लॉट काळ्याचा. डिपिंग सकाळी होतं. फोन समोर होता. एक वाक्य पुरलं असतं: 'वैशालीताई, थांबा, मघाशी मी चुकीचं सांगितलं.' मागे लेक विचारत होती, बाबा, माझा नाच आवडला का? मी म्हटलं, खूप. आणि फोन केला नाही. पहिलाच हंगाम, नानांसारखा माणूस, सगळ्या शिवारात चर्चा झाली असती की नव्या सरांना काळं-पांढरं कळत नाही. कदाचित काही होणारही नाही, असं मी मनाशी म्हटलं. असं म्हणताना माणसाला माहीत असतं ना, की होणार आहे?

फेब्रुवारीत नानांनी बोलावलं. मी गेलो तर शेजारचे चार-पाच बागायतदारही बांधावर उभे. खालच्या प्लॉटमधले घड टपोरे होते, देखणे होते, आणि हिरवट-लालसर होते. व्यापारी बघून परत गेला होता.

"सर, तुमीच सांगा आता," नाना म्हणाले. "चुकलं कुठं?"

मी खाली बसलो. एक घड हातात घेऊन उगाच फिरवून पाहिला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. वैशालीसुद्धा — आणि तिच्या नजरेत आरोप नव्हता, मी काहीतरी उपाय सांगेन अशी आशा होती. मी विचारलं, "औषध कालवायला कोण होतं?"

बघा, हे काही खोटं नव्हतं. नुसता प्रश्न होता. पण बांधावरच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"मीच होते, सर," ती म्हणाली. "पण मी तुम्हाला फोन करून विचारलं होतं की."

"मी प्रमाण बरोबरच सांगितलं होतं," मी म्हटलं. आवाज शांत होता माझा, अगदी समजूतदार. "फोनवर ऐकण्यात कमी-जास्त होतं कधी कधी."

ती भांडली नाही. नाना एवढंच म्हणाले, "तरी मी म्हनत व्हतो, बायामान्साचं हे काम नाय." मला ते वाक्य तिथेच खोडता आलं असतं. मी घड खाली ठेवला आणि हात झटकले.

त्या दिवशी बांधावर उभे होते ते सगळे पुढच्या हंगामात माझ्याकडे आले. का, माहितीय? 'सरांनी घड हातात घेतला अन् चूक पकडली.' नाना अजून लग्नाकार्यात हा किस्सा सांगतात, माझ्या पाठीवर थाप मारून. माझं नाव त्या किश्श्यावर झालं. फ्लॅट झाला, लेक हव्या त्या कॉलेजात गेली, दुपारी घरी जेवतो. सगळं मनासारखं झालं हो.

किल्ली वैशालीच्या धाकट्या दिराकडे गेली. बागायतदारांसाठी मी मोबाईलवर एक ग्रुप चालवतो, रोजचा सल्ला तिथे टाकतो. नाना म्हणाले, सूनबाईचा नंबर काढा, धाकट्याचा टाका. ग्रुप माझा, काढायचं बटण मीच दाबलं. ती आता बागेत येत नाही. मी गेलो की ओट्यावर येऊन 'या सर' म्हणते, सगळ्यांची चौकशी करते. हसून करते. ते हसणं मला सहन होत नाही, पण वर्षातून दहा-बारा वेळा मी ते सहन करतो आणि फी घेऊन परत येतो.

मला वाटायचं, तिला खरं काय ते ठाऊक आहे. मनात ती मला शिव्या घालत असेल. त्याचा, खरं सांगू, एक आधारच होता — निदान एका माणसाला तरी माहीत आहे, असा.

मागच्या हंगामात मी निघालो होतो. नाना बागेतच होते. ती गाडीपर्यंत आली, काचेपाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "सर, एक विचारू? इतकी वर्षं झाली, पण डोक्यातून जात नाय. मला अजून 'तेवढंच' असंच ऐकल्यासारखं वाटतं. खरंच माझ्या ऐकण्यात चूक झाली व्हती का?"

ती मला पकडत नव्हती. तिला खरोखरच माहीत नव्हतं. तो किस्सा ऐकून ऐकून तिचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडाला होता. आणि मी — पुन्हा — म्हटलं, "होतं हो असं. मनाला लावून घेऊ नका."

"हां," ती म्हणाली. तिने मान हलवली आणि फाटक लावायला वळली.

वैशालीने बरोबर ऐकलं होतं.