लिफ्टपाशी थांबलेली बायको

साडी असो की कुकर, आमची घासाघिशीची रीत ठरलेली. भाव ऐकला की बायको उठून चालायला लागते आणि मी चेहरा पाडून दुकानातच बसून राहतो. त्यासाठी मला वेगळे कष्ट पडत नाहीत, असं तिचं मत. ती पायरी उतरायच्या आत दुकानदार हाक मारतोच.

मागं जालना रोडवरच्या एका हॉटेलात फुकट जेवणाचं आमंत्रण आलं. जेवण झाल्यावर एका तरुणानं हिमाचलातल्या रिसॉर्टचे फोटो दाखवले. एकदा पैसे भरा, पंचवीस वर्षं दरवर्षी आठवडाभर हक्काची खोली. एरवी मी बडीशेप खाऊन सटकलो असतो. पण बायकोची केमो चालू होती, आणि फार लांबचं काही ठरवू नका, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिला मी ते बोललो नव्हतो. मला ती पंचवीस वर्षं घ्यायचीच होती.

रक्कम ऐकून ती रीतीप्रमाणे उठली. मी बसून राहिलो. तरुण म्हणाला, "सर, मॅडमना बोलवा, कमी करतो."

मी खुशीत बाहेर धावलो. ती लिफ्टपाशी उभी होती.

"अगं, उतरला तो. चल आत."

"अहो, पंचवीस वर्षांचं कशाला?" ती डोक्यावरचा स्कार्फ सारखा करत म्हणाली. "या डिसेंबरात एकदा बर्फ दाखवा. लई झालं."

मी आत जाऊन नको म्हणून सांगितलं. चेहरा पाडायला तेव्हाही कष्ट पडले नाहीत.