वेणूच्या नावावर माझं दुखणं

हसायचं तर हसा बायांनो, पण माझ्यासारखी शहाणी अख्ख्या वलगावात सापडायची नाही. आपलं दुखणं दुसरीच्या नावावर सांगून आले, आणि इलाज झाला तो तिचा!

दुखणं तेच, ज्याचं नाव आपण बाया आपसातसुद्धा घेत नाही. शिंकलं की लुगडं ओलं. खोकलं की ओलं. भाजीची पाटी डोक्यावर घेतली की ओलं. आयुष्याचा नुसता वीट आला होता.

त्यात थोरलीचं लग्न ठरलं आणि माझी झोप उडाली. कन्यादानाला नवंकोरं लुगडं नेसून, भर मांडवात, सगळ्या वऱ्हाडासमोर पाटावर बसायचं! कशी बसणार होते मी?

शेवटी एका बाजाराच्या दिवशी भाजी विकून झाल्यावर अमरावतीच्या बायांच्या दवाखान्यात शिरले. डॉक्टरीणबाई पुण्याकडची, नागपूरच्या सरकारनं नवीच नेमलेली, माझ्या लेकीपेक्षा जराशी मोठी. काय होतंय म्हणाली, आणि माझी जीभच वळेना. निघालं ते असं, "मले नाही बाई, माह्या जावेले होते."

मग तिनं विचारावं आणि मी सांगावं. मुलं किती? सहा. बाळंतपणानंतर ओझं कधी उचललं? तेराव्या दिवशी. शौचाला जोर लावावा लागतो? लागतो. चुलीच्या धुराचा खोकला? आहे ना. ती म्हणाली, यातलं एकेक कारण पुरे असतं, तुमच्या जावेला तर सगळीच आहेत. तपासावं लागेल, घेऊन या तिला.

वेणूला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, काही निघायचं नाही, पण बाई उपाय काय सांगते ते तरी कानावर पडेल, असा मी हिशेब केला. बांगड्या भरायच्या म्हणून तिला गाडीत बसवलं. दवाखान्याच्या दारात कारण सांगितलं, तर ती माझ्या गळ्यात पडून रडायलाच लागली.

"जाऊबाई, तुमाले कसं समजलं? म्या तं नवऱ्यालेबी नाही सांगतलं."

म्हणजे तिलाही तेच दुखणं! तिला एकच मूल, पण त्या बाळंतपणात वेणू तीन दिवस अडली होती. एकच मूल ऐकून डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी आढ्याकडं पाहिलं.

बाईंनी वेणूला आत पिशवीला आधार म्हणून एक रबराचं कडं बसवलं आणि ओझं उचलायची बंदी केली. मग हळूच मला विचारलं, "आणि तुम्हाला? तुम्हाला काही त्रास?"

तोंडाशी आलं होतं हो. पण वेणू देवीकडं पाहावं तशी माझ्याकडं पाहत होती.

"मले काय होते? मी ठणठणीत हाव."

झालं! वेणूची पाटीही माझ्याच डोक्यावर आली. लग्नापर्यंत माझी पार दशा झाली. ऐन मुहूर्ताला मी कंबर धरली, म्हटलं, मला बसवत नाही. माझ्या पाटावर वेणू बसली. लेकीचं कन्यादान दीर-जावेनं केलं.

बाया म्हणाल्या, केवढं मोठं मन, जावेला आपला मान दिला! मी मांडवामागं खांब धरून उभी. हुंदका आला, आणि हुंदक्यासरशी लुगडं ओलं झालंच.

डोळे पुसून पाहते तर काय? कन्यादानाची पाण्याची धार धरता धरता वेणूच्या हातचा तांब्या कलंडला होता. भर मांडवात, सगळ्या वऱ्हाडासमोर, तिचं नवं लुगडं मांडीपासून पायापर्यंत भिजलं होतं. आणि कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.