पिवळ्या फडक्यातलं मडकं

गोपूकाका गेल्याची बातमी आली तेव्हा मुलं त्यांच्या तिण्णैवर बसली होती. तिण्णै म्हणजे आमच्या तंजावूरच्या घरांचा रस्त्याकडचा ओटा. काका इस्पितळात आहेत, या रविवारी वर्ग नाही, असं मी सगळ्यांच्या घरी सांगून आले होते. तरी मुलं आली, कारण महिन्याचा पहिला रविवार हा मडकी आणायचा. शेजारचे रामूमामा सायकल भिंतीला टेकवून, कुणाकडे न बघता आत गेले आणि थोड्या वेळाने काकूंचा रडण्याचा आवाज बाहेर आला. मुलांनी आपापलं मडकं छातीशी धरलं. प्रत्येक मडक्याला हळदीत बुडवलेलं पिवळं फडकं बांधलेलं होतं. मला त्या क्षणी रडू यायला हवं होतं. मी मात्र त्या फडक्यांच्या गाठींकडे बघत राहिले...

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, गोपाळराव. एका सहकारी बँकेत रोखपाल होते. स्वतःचं मूल नव्हतं. गल्लीतली सगळी मुलं मात्र रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर असत. बँकेतून रद्दीत गेलेल्या पावत्यांच्या पाठीवर ती हिशेब लिहीत. आणे जाऊन नवे पैसे आले त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते. दुकानदार मुलांना फसवायला लागले म्हणून हा वर्ग सुरू झाला आणि मग कधी थांबलाच नाही. व्याज त्यांनी आम्हाला चिंचोक्यांनी शिकवलं. दहा चिंचोके उसने द्यायचे, दर फेरीला एक जास्त मागायचा, न दिल्यास त्याच्यावरही मागायचा. बघता बघता एका मुलाच्या पुढ्यात ढीग आणि दुसऱ्याचे हात रिकामे. हरणारा रडायला लागला की काका म्हणत, "इथे रड. मोठेपणी सावकाराच्या दारात नको." मी कॉन्व्हेंटात शिकत होते, गणितात बरी होते, पण असं गणित तिथे कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या घरातल्या मराठीची लिपीही मला त्यांनीच शिकवली, त्याच ओट्यावर, त्याच पावत्यांच्या पाठीवर. आज मी हे लिहू शकते ते त्यामुळे. आणि आमच्या गल्लीत हे वाचू शकतील अशी माणसं फार थोडी आहेत, म्हणून कदाचित लिहायचा धीरही होतो आहे.

चीर पाडलेलं मातीचं मडकं प्रत्येकाला त्यांनीच आणून दिलं. दिवाळीचे पैसे, पाहुण्यांनी हातावर ठेवलेले पैसे, सगळं त्यात. माझ्या मडक्यातली बरीचशी नाणी नवरात्रातली होती. नवरात्रात आमच्याकडे घरोघर बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात, मुलींना बोलावून गाणं म्हणायला लावतात आणि विड्याच्या पानावर नाणं ठेवून देतात. चारचौघांत तोंड उघडणं मला नको वाटायचं. तरी मी प्रत्येक घरी गायले, डोळे बाहुल्यांवर ठेवून. ते एकेक नाणं मला माझी मजुरी वाटायचं.

पिवळं फडकं नंतर आलं. एका मुलाचं मडकं त्याच्या वडिलांनी महिनाअखेरीला फोडलं, दुसऱ्याच्या आईने तांदळासाठी.  पुढच्या रविवारी काका जुनं धोतर आणि हळदीचा डबा घेऊनच बसले. आमच्याकडे नवस बोलताना पैसे पिवळ्या फडक्यात बांधून देवापुढे ठेवतात. ते तिरुपतीच्या व्यंकोबाचे झाले; घरात चूल पेटली नाही तरी त्यांना कुणी हात लावत नाही. काकांनी आमच्या प्रत्येक मडक्याला तसं फडकं बांधलं. "आता फोडून दाखवा म्हणावं," ते हसत म्हणाले. "व्यंकोबाशी भांडण कोण काढतो बघू."

मी भीतभीत विचारलं, देव रागावणार नाही का?

"का रागावेल, सीतामा? लग्नासाठी कुबेराकडून कर्ज काढून बसलाय तो, अजून व्याज फेडतोय. पैसे राखणं किती कठीण, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "ऐका. देव फक्त राखणदार. मालक तुम्ही. शाळा संपली की मी स्वतः गाठ सोडून देईन."

हे गुपित आम्हा मुलांचं आणि त्यांचं. मोठ्यांना सांगायचं नाही असं ठरलं होतं, आणि आम्ही कुणीही सांगितलं नाही. एवढा विश्वास मी त्यानंतर कुणावर टाकलेला नाही.

त्या मुलांत शाळा सगळ्यांत आधी माझी संपली. मला तिरुच्चीच्या कॉलेजात जायचं होतं. अप्पा फी द्यायला तयार झाले, पण वसतिगृहाची अनामत आणि सुरुवातीचा खर्च त्यांच्या आवाक्यात नव्हता. माझ्याकडे आहेत, असं मी म्हटलं तेव्हा त्यांना हसू आलं. मी देवघरातून मडकं आणलं आणि गाठीला हात घातला. अम्मा स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने माझं मनगट धरलं. आदल्या वर्षी माझा भाऊ विषमज्वराने अंथरुणाला खिळला होता. त्या वेळी तिने देवापुढे हात जोडून, घरात तुझं म्हणून जे जे बांधलेलं आहे ते सगळं पोचवीन, असं म्हटलं होतं. त्या सगळ्यात माझं मडकंही होतं. तिची काही चूक नव्हती. तिला खरं ठाऊकच नव्हतं.

मी म्हटलं, काकांना बोलवा. मला वाटलं, आता पाच मिनिटांत सगळं मिटेल.

काका आले, झोपाळ्यावर बसले. अम्मा दारात उभी राहून म्हणाली, "भावजी, तुम्हीच सांगा हिला. पिवळ्यात बांधलेलं घरी खर्चतात का?" अप्पाही म्हणाले, "सांग रे गोपू." मी मडकं मांडीवर घेऊन जमिनीवर बसले होते. मोठ्यांसमोर मी एरवी बोलत नसे. त्या दिवशी बोलले.

"काका, तुम्ही काय सांगितलं होतं ते सांगा."

त्यांनी पायाच्या अंगठ्याने झोपाळा थांबवला. माझ्याकडे बघितलं नाही. "पिवळ्यात बांधलं..." ते म्हणाले, "म्हणजे त्याचंच ते." मग काकांनी कॉफी मागितली. अम्माने ती आणली. पितळेच्या वाटीत ओतून, फेस काढून, ती त्यांनी सावकाश प्यायली.

तिरुपतीला मडकं तेच घेऊन गेले. परत आल्यावर प्रसादाचा लाडू त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. प्रसाद नको म्हणता येत नाही. मी तो त्यांच्यासमोर खाल्ला. त्यातला कापूर मला अजून जिभेवर लागतो. कॉलेज राहून गेलं. पुढच्या वर्षी बघू, असं अप्पा म्हणाले, आणि पुढच्या वर्षी भावाच्या शाळेचा खर्च निघाला. मी टंकलेखन शिकले. आता माझ्याच जुन्या शाळेत लहान मुलांना बेरजा शिकवते. पदवी नाही म्हणून पगारही कमी.

मी त्यांची बाजू पुष्कळदा मांडून पाहिली आहे, माझ्या मनातच. त्यांनी खरं सांगितलं असतं तर देवाच्या नावाने मुलांना लबाडी शिकवली म्हणून गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. बाकीच्या मुलांची मडकी दुसऱ्या दिवशी फुटली असती. वीस वाचवायला एक सोडलं, असं असेल. पण माझ्यानंतर आणखी दोघांची मडकी तशीच तिरुपतीला गेली. ती मुलं काकांच्या दारी विचारायलाही आली नाहीत. आणि काका पुढच्या रविवारी नव्या मुलांच्या मडक्यांना, त्याच डब्यातल्या हळदीने, तेच फडकं बांधत राहिले. देव फक्त राखणदार, हे वाक्यही त्यांनी कमी केलं नाही. मी शेजारच्या आमच्या घराच्या खिडकीतून ऐकत असे.

माझ्याशी ते नेहमीसारखे वागत. एकदा पापनाशमला एका लग्नाला निघालो असताना बसच्या थांब्यावर आम्ही दोघंच होतो. ते म्हणाले, "सीता, त्या दिवशी मी..." मी वाट बघितली. बस आली. खिडकीची जागा त्यांनी मला दिली आणि स्वतः मागे जाऊन बसले. इस्पितळातही मी रोज डबा घेऊन जात होते. रोज वाटायचं, आज बोलतील. ते फक्त रसम खारट झालंय का ते सांगत.

तेरावा झाल्यावर काकूंनी मला त्यांची खोली आवरायला बोलावलं. फळीवर हळदीचा डबा, धोतराच्या फाडलेल्या पट्ट्या, चिंचोक्यांची पिशवी. आणि फळीच्या कोपऱ्यात त्यांचं स्वतःचं मडकं. लहानपणापासून ते मी बघत आले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. ते उघडं होतं. त्याला फडकं नव्हतं, कधीच नव्हतं. आम्हा सगळ्यांची मडकी देवाच्या स्वाधीन करणाऱ्या माणसाने स्वतःचं मात्र...

काकूंनी एक पट्टी माझ्या हातात दिली. "बांध गं. व्यंकोबाला जाऊ दे त्यांच्या नावाने."

"नको काकू," मी म्हटलं. "ते तुमचं आहे. खर्चा."  मी पट्टी घडी करून डब्याखाली ठेवली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलं मडकी घेऊन पुन्हा आली. त्यांच्यात कमला होती. तिची शाळा या वर्षी संपते आहे. आयाही आल्या होत्या, काकांचा वर्ग आता बंद म्हणून मडकी परत घरी न्यायला. एकीने दुसरीला विचारलं, तिरुपतीला कोण जातंय, सगळी एकदम पाठवू.  मी तिण्णैच्या पायरीवर उभी राहिले आणि काकांचं वाक्य म्हटलं, मुलांकडे न बघता त्यांच्या आयांकडे बघून. देव फक्त राखणदार, मालक ही मुलं. गोपूकाकांनीच त्यांना असं सांगून बांधलंय. आवाज फाटला माझा.  मग अम्मा, जी काकूंच्या सोबतीला आली होती आणि माझ्या मागे दारात उभी होती, हळूच म्हणाली, "तुझंही?"

मी हो म्हटलं.

ती आत गेली. कमलाने तिच्या मडक्याची गाठ सोडायला घेतली. हळद वाळून ती दगडासारखी झाली होती. मी तिला मदत केली नाही. एवढी वर्षं मला ते वाक्य त्यांच्या तोंडून, झोपाळ्यावर बसलेल्या त्यांच्या तोंडून, ऐकायचं होतं.

फळीवर त्यांचं मडकं अजून आहे. काकूंनी फोडलेलं नाही. मी रोज धूळ पुसते, त्या उघड्या मातीवरून हात फिरवते, आणि जागेवर ठेवते.