अंगठ्याचा अंदाज

एका जुन्या, हौसेने जपलेल्या मोटारीचा फॅनबेल्ट आज बाबांनी बदलला. नवा पट्टा अंगठ्याने दाबून ताण बघायचा, ही त्यांची गॅरेजातली जन्मभराची रीत. पण शुगरमुळे आता त्यांची बोटं बधिर झाली आहेत.

“तूच दाब गं. इंजिनिअर होतेयस ना?” ते हसून म्हणाले.

मी दाबला. कॉलेजात ताणाची गणितं सोडवते, पण अंगठ्याला काहीच कळलं नाही. तरी म्हटलं, “बरोबर आहे, बाबा.”

त्यांच्या हातातून जे चाललंय, ते आपोआप माझ्या हातात येईल, असं मला उगाच वाटायचं.

गिऱ्हाईकाची गाडी गॅरेजातून निघून कोपऱ्यावर वळली आणि सैल पट्टा किंचाळला. बाबा स्वतःचाच अंगठा चोळत राहिले.