पाच घरांच्या चकल्या आणि एक कादंबरी

इथे परदेशात, ट्रुगानिना नावाच्या उपनगरात, आम्ही पाच मराठी घरं फराळ वाटून घेतो. प्रत्येक घराने एकच पदार्थ पाचही घरांपुरता करायचा आणि दिवाळीआधीच्या रविवारी डबे बदलायचे. चकली माझ्याकडे. पहिल्या वर्षी माझी चकली खुसखुशीत झाली, एवढाच काय तो माझा गुन्हा. तेव्हापासून ती कायमची माझ्या गळ्यात पडली.

त्या वर्षी एका गुरुवारी लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेले, तर दारावर कागद लावलेला: नोव्हेंबरच्या तीस दिवसांत कादंबरी लिहा, भाषा कोणतीही चालेल, नाव उद्या संध्याकाळपर्यंत द्या. 'भाषा कोणतीही' वाचलं आणि मी तिथेच थबकले. पुण्यात कॉलेजात असताना मी वह्याच्या वह्या भरायचे. मग इथली युनिव्हर्सिटी, कायम राहायचा पीआर, नोकरी, घर, लेक. हल्ली वाणसामानाची यादीसुद्धा इंग्रजीत होते. मराठीत सलग पानभर शेवटचं कधी लिहिलं ते आठवेना, आणि त्याची मला भीती वाटली. यंदा नाही तर कधीच नाही, हे आतून कळत होतं.

पण दिवाळीही नेमकी नोव्हेंबरातच. ऑफिस, लेकीचा शाळेतला कार्यक्रम, नवऱ्याच्या शिफ्ट आणि वर पाच घरांच्या चकल्या. गाडीत बसूनच पुण्याच्या बहिणीला व्हॉइस मेसेज केला, चांगला तीन मिनिटांचा. "मला लिहायचंय गं. पण यंदा चकल्या जमणार नाहीत हे या बायकांना सांगू कसं? म्हणतील, आली मोठी लेखिका! जाऊ दे, नाहीच देत नाव."

घरी पोचले तर बारा वर्षांची लेक टॅब घेऊन दारातच उभी. माझं व्हॉट्सॲप त्या टॅबवरही दिसतं.

"मम, यू सेंट इट टू द फराळ ग्रुप!"

चौघींनी ऐकलाही होता. आता पुसून काय उपयोग? नवरा हसत सुटला. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इतक्या वर्षांच्या मैत्रिणींना मी 'या बायका' म्हटलं होतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दोन घरं सोडून राहणाऱ्या काकू, आमच्या पाचजणींत वयाने सगळ्यात मोठ्या. हातात पिशवी, पिशवीत त्यांचा पितळी सोऱ्या.

"भाजणी दळलीस का?"

"हो, पण काकू, तो मेसेज..."

"ऐकला. दोनदा ऐकला. भाजणी दे, चकल्या आम्ही पाडतो. नाव दिलंस का?"

"नाही."

"लायब्ररी किती वाजता बंद होते?"

"पाचला."

"मग इथे काय करतेयस? आणि हे बघ, दर रविवारी माझ्याकडे येऊन लिहिलेलं वाचून दाखवायचं. नातवंडं सगळी इंग्रजीतच बोलतात. मला मेलीला तेवढंच मराठी कानावर पडेल."

मी स्लीपरवरच गाडी काढली. पाचला सात मिनिटं असताना नाव दिलं.

मग पहाटे घर उठायच्या आधी आणि ऑफिसच्या लंचमध्ये गाडीत बसून लिहू लागले. पहिले काही दिवस मनात आधी इंग्रजी वाक्यच यायचं. ते हाकलून मराठी शोधावं लागे. कधी अर्ध्या तासात जेमतेम चार ओळी. तिकडे काकूंच्या घरी मोहन जास्त पडलं आणि चकल्या तेलात विरघळल्या. मला विचारलं असतं तर दोन मिनिटांत उपाय सांगितला असता, पण 'ती लिहितेय' म्हणून चौघींपैकी एकीनेही फोन केला नाही. माझ्या वाटणीचा चुरा मी दह्यात कालवून खाल्ला. त्या चुऱ्याचे उपकार मी कधी विसरणार नाही.

चुऱ्याचा तो डबा मिळाला पहिल्या रविवारी. माझ्या हातात सात पानं होती. काकूंच्या दारात चपला काढत होते, तेवढ्यात त्यांचा आतून आवाज आला.

"आली गं, आली मोठी लेखिका! चहाचा गॅस बंद करा आधी."

चौघीजणी हात पुसत आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.